काल्पनिक नगरराज्याकडे पैसा येतो कुठून?

शंखावतीकर (प्रश्न)

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिचे कथानक शंखावती नावाच्या एका काल्पनिक नगरराज्यात घडते. शंखावती समुद्रातल्या एका बेटावर वसलेली आहे, अतिशय श्रीमंत आहे आणि शेजारच्या कोणत्याही साम्राज्याला ती कधी जिंकता आलेली नाही. कादंबरीला हात घालण्याआधी या नगराचा नऊशे वर्षांचा इतिहास मी एका दोनशेपानी वहीत लिहून काढला. संस्थापक राजा, त्याच्यामागून आलेली अकरा घराणी, सागरदेवीच्या देवळाचा सोन्याचा घुमट, पौर्णिमेला पाण्यात दिवे सोडण्याचा उत्सव, मोठे ग्रंथालय, असे सगळे तिच्यात आहे. बेटाभोवतीच्या समुद्रात अंधारात उजळणारे मोती सापडतात, ते जगात इतरत्र कोठेही मिळत नाहीत, आणि नगराची सारी संपत्ती त्या मोत्यांतून आलेली आहे.

मागच्या महिन्यात नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने ती वही वाचली. वाचून झाल्यावर तिने एवढेच विचारले, “मामा, हे लोक पाणी कुठलं पितात?” बेटावर नदी नाही, हे मीच पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. मग तांदूळ कोठून येतो, मोत्यांच्या बदल्यात शंखावतीला नेमके काय मिळते आणि एखाद्या बलाढ्य राजाने आरमार आणून मोत्यांची जागाच ताब्यात का घेतली नाही, असे आणखी तीन प्रश्न तिने विचारले. एकाचेही उत्तर मला देता आले नाही.

म्हणून येथे विचारतो आहे. इतिहासातली खरीखुरी श्रीमंत नगरराज्ये श्रीमंत कशी झाली, मोठ्या सत्तांच्या कचाट्यात राहूनही ती टिकली कशी, आणि त्यांचे सणवार, कायदे, पोशाख त्यांच्या व्यापाराशी कसे जोडलेले होते? मला व्हेनिसची नक्कल करायची नाही. ते यंत्र आतून कसे चालत होते, तेवढे समजून घ्यायचे आहे.

मिठागर

आपल्या भाचीने अचूक ठिकाणी बोट ठेवले आहे, आणि माझ्या मते आपण वहीचे पहिले पान तिच्या प्रश्नापासूनच पुन्हा लिहावे. आपण नगराला काय दिले आहे याची यादी केलीत. त्याच्याकडे काय नाही, याची यादी आधी करायला हवी होती.

सहाव्या शतकात, साधारण ५३७-३८ च्या सुमारास, इटलीतील गॉथ राजवटीचा मंत्री कॅसिओडोरस याने व्हेनिसच्या खाजणात राहणाऱ्या लोकांच्या मुखियांना एक पत्र लिहिले. इस्त्रियातून तेल आणि दारू राव्हेन्नाला पोहोचवायची होती आणि त्यासाठी त्याला त्यांच्या होड्या हव्या होत्या. त्या पत्रात तो वर्णन करतो की या लोकांची घरे पाणपक्ष्यांच्या घरट्यांसारखी आहेत, इतरत्र दाराशी जनावरे बांधावीत तशा ते भिंतींना होड्या बांधतात, आणि त्यांच्याकडे नांगर किंवा विळा नसून सगळे कष्ट मिठागरांत खर्ची पडतात. त्याचा मुद्दा असा की, सोने नको असणारा माणूस एखादे वेळी सापडेल, पण मीठ नको असणारा माणूस सापडणार नाही. व्हेनिसच्या वैभवाची सुरुवात ही अशी आहे. शेत नाही, झाड नाही, दगड नाही. उथळ खारे पाणी, चिखल आणि मीठ एवढेच हाताशी. धान्य हवे असेल तर मीठ घेऊन नदीतून वर जायचे आणि धान्य घेऊन परतायचे, एवढा एकच मार्ग उरला होता. पुढे हेच मीठ सरकारने आपल्या हाती घेतले, त्यासाठी स्वतंत्र खाते काढले, आणि परतीच्या प्रवासात ठरावीक मीठ आणण्याचे बंधन व्यापाऱ्यांवर घातले. आमच्या घरी पेणकडे मिठागरे होती, त्यामुळे मी हा भाग जरा जास्तच आवडीने वाचला, हे कबूल करतो.

आता पाण्याविषयी. व्हेनिस पाण्यात उभे आहे आणि तरीही तेथे पिण्याचे पाणी नव्हते. जमिनीत खोल विहीर खणावी तर खारे पाणी लागायचे. म्हणून त्यांनी चौकांच्या खाली मोठे खड्डे खणले, बाजूंना चिकणमातीचा जाड थर देऊन समुद्राचे पाणी आत झिरपणार नाही याची व्यवस्था केली, खड्डा वाळूने भरला आणि मधोमध विटांची एक नळी उभारली. चौकात पडलेला पाऊस कडेच्या जाळीच्या दगडांतून आत उतरायचा, वाळूतून गाळला जायचा आणि मधल्या नळीत साठायचा. वरून पाहणाऱ्याला ती कोरीव कठड्याची साधी विहीर वाटते. प्रत्यक्षात संपूर्ण चौक म्हणजे पावसाचे पाणी धरणारे एक टाके असते. पाऊस कमी पडला की ब्रेंटा नदीचे पाणी बोटींतून आणून याच विहिरींत ओतले जाई, आणि ते आणणाऱ्यांचा वेगळा धंदा होता. आपल्या शंखावतीत चौक कोठे असतील, ते किती मोठे असतील, त्यांच्यात घाण टाकणाऱ्याला काय शिक्षा असेल, हे सगळे या एका गोष्टीवरून ठरेल.

याहून टोकाचे उदाहरण होर्मुझचे आहे. इराणच्या आखाताच्या तोंडावरचे हे बेट म्हणजे मीठ आणि उघडे खडक. साधारण १३०० च्या सुमारास किनाऱ्यावरच्या हल्ल्यांना कंटाळून तेथील राज्यकर्ते आपली गादी या बेटावर घेऊन गेले. पाणी, धान्य, सरपण, सगळे बाहेरून होडीने यायचे. तरीही जग ही अंगठी मानली तर होर्मुझ हा तिच्यातला खडा, अशी म्हण फारसीत रूढ झाली. १४४२ मध्ये तैमूरी दरबाराचा वकील अब्दुर रझ्झाक भारतात येताना तेथे थांबला, तेव्हा त्याला सगळ्या धर्मांचे आणि देशांचे व्यापारी तेथे दिसले. कोणावर अन्याय होत नाही अशी त्या बंदराची ख्याती होती, आणि सोने-चांदी सोडून इतर मालावर दहावा हिस्सा जकात होती. त्या दोन गोष्टी, म्हणजे ठरलेली जकात आणि मिळणारा न्याय, हेच होर्मुझचे पीक होते. आपल्याकडे चौल, दाभोळ आणि गोव्याला उतरणारे अरबी आणि इराणी घोडे याच वाटेने येत. १४७० च्या आसपास आलेला अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून घोडा घेऊनच चौलला उतरला होता. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काही काळ काढून घेतला, तो किस्सा प्रसिद्ध आहे.

म्हणून मोत्यांविषयी माझी शंका आहे. जगात एकाच ठिकाणी मिळणारी मौल्यवान वस्तू ज्या गावाकडे असते ते गाव खाणकामगारांची वस्ती बनते, आणि कोणी तरी बलवान येऊन तिच्यावर बसतो. व्हेनिसने विकलेली मिरी मलबारची होती, रेशीम पूर्वेचे होते, त्याच्या बदल्यात जाणारी चांदी जर्मन खाणींतली होती. स्वतःचे असे फार थोडे होते. शत्रूने व्हेनिस जिंकले असते तर त्याच्या हाती चिखल लागला असता, कारण संपत्ती मालात नव्हती, ती अलेक्झांड्रियापासून ऑग्सबर्गपर्यंतच्या ओळखीपाळखीत होती. मोती ठेवायचेच असतील तर ते दुसऱ्या कोणाच्या समुद्रात ठेवा, आणि ते पारखण्याची, भोक पाडण्याची किंवा उजळ राखण्याची विद्या मात्र शंखावतीकडे असू द्या.

उंबरठा

मिठागर यांच्याशी मी सहमत आहे. मला मात्र त्या अकरा राजघराण्यांविषयी बोलायचे आहे. व्यापाऱ्यांच्या नगरात कोणालाही राजा नको असतो. राजा म्हणजे असा माणूस जो एखाद्या रात्री आपल्या गोदामाला कुलूप लावू शकतो. म्हणून अशा नगरांचा राज्यकारभार वाचताना असे वाटते की, एकमेकांवर मुळीच विश्वास नसलेल्या भावकीने वाटणीपत्र लिहिले आहे.

व्हेनिसच्या प्रमुखाला डोज म्हणत. १२६८ पासून त्याची निवड ज्या पद्धतीने होत असे ती मुद्दाम सविस्तर देतो. मोठ्या सभेतून चिठ्ठीसारखे गोळे काढून ३० जण निवडायचे, त्यांतून पुन्हा गोळे काढून ९ उरायचे. हे ९ जण ४० नावे निवडायचे, त्या ४० मधून गोळ्यांनी १२ उरायचे. ते १२ जण २५ निवडायचे, त्यांतून ९ उरायचे. ते ९ जण ४५ निवडायचे, त्यांतून ११ उरायचे. हे ११ जण ४१ निवडायचे, आणि हे ४१ जण अखेर डोज निवडायचे. त्यासाठी किमान २५ मते लागत. गोळे काढायला एक लहान मुलगा लागे. तो ओळखीचा असून चालत नसे, म्हणून सभेतला एक तरुण सदस्य बाहेर चौकात जाऊन समोर दिसेल त्या मुलाला घेऊन येई. कल्पना करा, रस्त्यावर खेळणारे दहा वर्षांचे पोर, आणि त्याच्या हाताकडे डोळे लावून बसलेले शहरातले सर्वांत श्रीमंत लोक. एखाद्या घराण्याने पैसे चारायचे ठरवले तरी ते नेमके कोणाला चारायचे हेच कळू नये, हा या सगळ्या द्राविडी प्राणायामाचा हेतू होता, आणि ही पद्धत १७९७ पर्यंत चालू राहिली.

निवडून आलेल्या डोजला एक लांबलचक शपथपत्र वाचावे लागे. परक्या राजांची पत्रे त्याने एकट्याने उघडायची नाहीत, वकिलांना एकट्याने भेटायचे नाही, अशी बंधने त्यात असत आणि प्रत्येक नव्या डोजच्या वेळी ती वाढत जात. तो वारला की एक समिती त्याचे हिशेब तपासे आणि काही गैर आढळले तर दंड वारसांकडून वसूल होई. १३५५ मध्ये मारिन फालिएर या डोजने सत्ता बळकावण्याचा कट केला तेव्हा त्याचे मस्तक उडवण्यात आले. मोठ्या सभेच्या दालनात डोजांची चित्रे ओळीने आहेत. त्याच्या जागी काळे कापड रंगवलेले आहे आणि गुन्ह्यासाठी शिरच्छेद झालेल्या मारिन फालिएरची ही जागा, असा मजकूर त्यावर आहे. चित्र पुसून टाकणे सोपे होते. त्यांनी रिकामी चौकट ठेवली.

एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडच्या काठावरचे दुब्रोव्हनिक, म्हणजे जुने रागुसा, याच्याही पुढे गेले. तेथील रेक्टरची, म्हणजे राज्यप्रमुखाची, मुदत एका महिन्याची असे. त्या महिन्यात सरकारी कामाखेरीज त्याने वाड्याबाहेर पडायचे नाही. रात्री वेशीचे दरवाजे बंद झाले की किल्ल्या त्याच्या स्वाधीन केल्या जात. शहराबाहेरच्या खडकावर लोव्र्येनात्स नावाचा किल्ला आहे. त्याच्या समुद्राकडच्या भिंती काही ठिकाणी बारा मीटर जाड आहेत आणि शहराकडची भिंत जेमतेम ६० सेंटिमीटर. किल्लेदार फितूर झालाच तर शहरातल्या तोफांनी ती भिंत पाडता यावी, अशी ती सोय होती. आपल्या कादंबरीत असा एक किल्ला आला तर सातशे शब्दांचा राजकीय इतिहास सांगण्याची गरज उरणार नाही.

आणि मोठ्या साम्राज्यापुढे टिकण्याचे म्हणाल, तर रागुसाने ओटोमन सुलतानाला दर वर्षी १२,५०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, खंडणी दिली आणि त्याच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवली. स्वातंत्र्य सगळ्या सोन्याच्या मोलानेही विकू नये, असे लॅटिन वचन त्याच लोव्र्येनात्सच्या दारावर कोरलेले आहे. वचन दारावर आणि खंडणीची पेटी सुलतानाकडे. मला त्यात ढोंग दिसत नाही, हिशेब दिसतो.

गंधर्वनगर

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण मूळ लेखकाला जमाखर्चाची वही लिहायची नसून अद्भुतरम्य कादंबरी लिहायची आहे, याची आठवण करून द्यावीशी वाटते. वाचक सोन्याच्या घुमटासाठी येतो. प्रत्येक आश्चर्याच्या मागे जकातीचा दर दाखवला तर त्यातले अद्भुत संपते.

तरीही या चर्चेतून एक गोष्ट घेता येईल. व्हेनिसने आपल्या अद्भुत कथा स्वतः घडवल्या आणि त्या कामाला लावल्या. ८२८ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियातून संत मार्कचे अवशेष पळवून आणले, आणि जकातीवरच्या मुसलमान अधिकाऱ्यांनी पेटी उघडू नये म्हणून वर डुकराचे मांस ठेवले, अशी कथा आहे. ही चोरी त्यांनी लपवली नाही. उलट सान मार्को या आपल्या मुख्य चर्चच्या भिंतींवर मोझेकमध्ये मढवली, कारण प्रेषिताच्या तोडीचा संत मिळाल्यामुळे शहराला कोणत्याही मोठ्या धर्मपीठापुढे मान खाली घालावी लागणार नव्हती. शहराची स्थापना २५ मार्च ४२१ रोजी झाली, ही तारीखही अशीच नंतर बेतलेली. दर वर्षी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला डोज सोनेरी नौकेतून खुल्या समुद्रात जाई, पाण्यात अंगठी टाकी आणि समुद्राशी विवाह झाल्याचे जाहीर करी. ऐकायला हे काव्य आहे. परंतु त्या काळातील विवाहाच्या कायद्यात नवऱ्याचा बायकोवर हक्क असे, आणि एड्रियाटिकवर आमचा हक्क आहे, हे सगळ्या परक्या वकिलांच्या देखत दर वर्षी सांगण्याचा तो सोहळा होता.

म्हणून मी म्हणेन की सागरदेवी, दिवे, घुमट, काहीही काढू नका. फक्त प्रत्येक दंतकथेजवळ एक प्रश्न लिहून ठेवा: ही गोष्ट शंखावतीत कोणाच्या सोयीची आहे? पौर्णिमेचे दिवे भाविकांनी सोडलेले असतील आणि उथळ पाण्यातली वाट कोठून जाते हे त्या एका रात्री सगळ्या मुलांना पाठ होत असेल, तर अद्भुतही राहील आणि भाचीचेही समाधान होईल.

आजीची पेटी

मी इतिहासाची अभ्यासक नाही, पण या विषयाचा एक तुकडा आमच्या घरात आहे, म्हणून लिहिते. माझ्या आजीची पुतळ्यांची माळ माझ्याकडे आली. रेशमी गोंड्यात ओवलेल्या, नखाएवढ्या, पातळ सोन्याच्या चकत्या आणि प्रत्येकीवर उभ्या बायकांसारख्या पुसट आकृत्या. लहानपणी मी त्यांना लक्ष्मी समजत असे, आणि अलीकडच्या पुतळ्यांवर खरोखरच लक्ष्मी किंवा राम-सीता असतात. पण पुतळी हे मूळचे एका नाण्याचे नाव आहे, आणि ते नाणे म्हणजे व्हेनिसचे डुकाट.

व्हेनिसने सोन्याचे डुकाट पहिल्यांदा पाडले ते १२८४ मध्ये. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, आणि सोने त्या काळी साधेल तितके शुद्ध. एका बाजूला संत मार्क उभा आहे, त्याच्यापुढे डोज गुडघे टेकून बसला आहे, दोघांच्या मध्ये निशाणाची उभी काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या चौकटीत ख्रिस्त. हे चित्र, हे वजन आणि हा कस प्रजासत्ताक बुडेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, जवळपास बदलला नाही. राजे बदलले की नाणी हलकी होतात, हे ठाऊक असलेल्या सराफाला याचे मोल निराळे सांगावे लागत नसे. मिरीच्या बदल्यात हे नाणे अलेक्झांड्रियामार्गे हिंदुस्थानात आले. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे तिच्यात होन आणि मोहरांच्या बरोबर पुतळी आहे. दक्षिणेत याच नाण्याला शाणार कासू म्हणत, कारण तेथल्या लोकांना काठीला धरून वाकलेला डोज हा ताडावर चढणारा शाणार, म्हणजे ताडी काढणारा माणूस, वाटला. पुढे येथल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या, तेव्हा लॅटिन अक्षरांची नुसती रेघोटी उरली आणि आकृत्यांच्या बाहुल्या झाल्या.

मला यावरून असे वाटते की शंखावतीची श्रीमंती शंखावतीत बसून सांगू नये. दूरच्या एखाद्या डोंगरी गावात शंखावतीचे नाणे नवरीच्या गळ्यात असावे, त्यावरचे चित्र कोणाचे हे गावातल्या कोणालाही माहीत नसावे, आणि तरीही ते नाणे खरे की खोटे हे म्हातारी दातांनी चावून सांगत असावी. घुमटाच्या वर्णनाने जे साधणार नाही ते याने साधेल.

नाखवा

एक बाजू राहून जाते आहे. एवढा पैसा येतो तेव्हा तो कोणाच्या तरी अंगावरून येतो.

ख्रिस्ती फौजांच्या चौथ्या धर्मयुद्धासाठी ३३,५०० माणसे नेण्याचा करार व्हेनिसने ८५,००० मार्क (वजनाचे एक माप) चांदीला केला आणि गलबते बांधली. ठरल्याच्या एक तृतीयांशच्या आसपासच माणसे आली, पैसे भरेनात. मग वृद्ध आणि अंध डोज एन्रिको दांदोलो याने त्या कर्जाच्या बदल्यात सैन्य आपल्या कामाला वळवले. आधी एड्रियाटिकवरचे झारा शहर, आणि १२०४ मध्ये थेट कॉन्स्टँटिनोपल. सान मार्कोचे मूळ चार घोडे त्या लुटीतले आहेत. काळ्या समुद्राकडून गुलाम आणून विकण्याचा धंदाही व्हेनिसने केला. रागुसाने मात्र १४१६ मध्ये आपल्या नागरिकांना हा व्यापार मना केला, हे नोंदवायला हवे.

परक्यांना जागा होती, पण ती आखून दिलेली. जर्मन व्यापाऱ्याने ठरलेल्या वखारीतच उतरायचे, माल तेथेच ठेवायचा आणि सौदा व्हेनिसच्या दलालासमोरच करायचा. ज्यूंना १५१६ मध्ये जुन्या ओतशाळेजवळच्या एका बेटावर बसवले. रात्री दरवाजे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगार त्यांच्याचकडून घेतला जाई. घेट्टो हा शब्द तेथूनच जगभर गेला. काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये आगीच्या भीतीने मुरानो बेटावर हलवल्या, आणि कारागिराने विद्या घेऊन परदेशी जाणे हा गुन्हा ठरवला.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नगर वर चढण्याची शिडी स्वतःच काढून घेते. सुरुवातीला व्हेनिसमध्ये कोलेगान्झा नावाचा करार होता. घरी बसणाऱ्याने सगळे भांडवल द्यायचे, तरुण व्यापाऱ्याने माल घेऊन समुद्रावर जायचे, आणि परत आल्यावर नफ्याचा चौथा हिस्सा त्याचा. खिशात दमडी नसलेला धाडसी पोरगा अशा पाच-सहा फेऱ्यांत सावकार होई. असे नवे सावकार सभेत बसू लागले तेव्हा जुन्या घराण्यांनी १२९७ पासून मोठ्या सभेचे दार बंद करत आणले, आणि पुढे सोनेरी वहीत ज्याचा जन्म नोंदलेला तोच सभासद, असे झाले. शंखावतीच्या नऊशे वर्षांत अकरा घराण्यांपेक्षा हा एक दरवाजा कधी बंद झाला, हे जास्त महत्त्वाचे आहे.

साथींचेही तेच. जी गलबते माल आणतात तीच रोग आणतात. रागुसाने १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला, व्हेनिसने १४२३ मध्ये त्यासाठी एक बेटच राखून ठेवले, आणि पुढे चाळीस दिवसांवरून क्वारंटाईन हा शब्द झाला. शंखावतीसमोर असे एक बेट असेल तर तेथे थांबलेल्या माणसाचे महिनाभराचे एक प्रकरण आपोआप तयार होईल.

शंखावतीकर

सर्वांचे मनापासून आभार. मी वहीतली अकरा घराणी खोडली. मोती आता तीन दिवसांच्या अंतरावरच्या परक्या किनाऱ्यावर गेले आहेत; ते तेथून निघाले की महिन्याभरात विझू लागतात आणि ते पुन्हा उजळवण्याची विद्या फक्त शंखावतीच्या एका आळीला येते. त्या आळीतल्या लोकांना बेट सोडण्याची परवानगी नाही. नायिका मी त्याच आळीतली घेतली आहे.

एकच विचारायचे राहिले. अशी नगरे बुडतात कशी? माझ्या वहीत शेवटी मोठे युद्ध आहे, पण आता ते खोटे वाटू लागले आहे.

मिठागर

युद्धाने बुडालीही आहेत, पण बहुधा वाट वळल्यामुळे बुडतात. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला तेव्हा व्हेनिस लगेच संपले, असे शाळेत शिकवतात ते तितकेसे बरोबर नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिरीचा पुरेसा व्यापार पुन्हा जुन्या वाटेवर आला होता. क्षीण व्हायला आणखी दोनशे वर्षे लागली, आणि त्या दोनशे वर्षांत मुखवटे, नाटके आणि जुगार यांची शहरात रेलचेल होती. अखेर १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने मोठ्या सभेने स्वतःलाच बरखास्त केले. त्या दिवशी कोरमसाठी लागणारे ६०० सदस्यही जमले नव्हते. शेवटचा डोज लुदोविको मानिन याने घरी आल्यावर मुकुटाखाली घालायची पांढरी टोपी नोकराच्या हाती दिली आणि आता हिची गरज पडणार नाही, असे सांगितले, अशी आठवण सांगतात.

होर्मुझचे वेगळे झाले. १५०७ मध्ये आणि पुन्हा १५१५ मध्ये पोर्तुगीज आले, १६२२ मध्ये इराणी आणि इंग्रज फौजांनी ते त्यांच्याकडून घेतले, आणि व्यापार समोरच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासला गेला. पाण्याच्या होड्या यायच्या थांबल्यावर बेटावर काय राहणार? मीठ होतेच, ते राहिले.

शंखावतीकर

हे उत्तर मी काल भाचीला वाचून दाखवले. पाण्याच्या होड्या थांबल्या, या वाक्यावर ती अडली आणि म्हणाली, “मग मामा, पाणी आणणारेच एक दिवस आले नाहीत तर?” युद्धाचे प्रकरण काढून टाकले आहे. आता पहिल्याच पानावर घाटावर रिकामे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका आहेत, ऊन वर आले आहे आणि खाडीत एकही होडी दिसत नाही.